खिरीच्या सणाचं बोलावणं

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला नीट कळत नाही आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रेघ सोडून वर चढतं. वाचायला त्रास होईल. तरी लिहिते — कारण हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. प्रार्थनेतसुद्धा मी त्याच्या कडेकडेनं जाते. तोंडानं सांगायचं म्हटलं तर माझा आवाज निघत नाही. चार माणसांत तो कधीच निघाला नाही.

तुम्ही ओळखीचे आहात असं धरून लिहिते.

आम्ही बेने इस्राएल. असं सांगितलं की अमरावतीत लोक विचारतात, म्हणजे ख्रिश्चन का? नाही म्हटलं की, मग मुसलमान? शेवटी ज्यू म्हणावं लागतं. माझं माहेर अलिबागेकडचं. तिकडे आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी आमच्या लोकांचा घाणा बंद. तिथे निदान कोणी विचारत नव्हतं. लग्न होऊन वऱ्हाडात आले आणि पाहिलं तर अमरावती-अकोला मिळून आमची थोडीच घरं.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणायचो. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. माझे यजमान शालोम मोठे, बेनी धाकटे. सासूबाई लवकर गेल्या, मग घरात बाई मी एकटी.

पाऊस सरला की आमचे सण ओळीनं येतात. आधी नव्याचा सण. मग दारफालणीचा — फालणं म्हणजे बंद करणं. त्या दिवशी कडक उपास, पांढरे कपडे, दार लावून दिवसभर प्रार्थना. आणि आदल्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं प्रत्येकाची माफी मागायची. बाबा दरवर्षी सांगायचे — देवापाशी चुकलं तर देव माफ करतो, माणसापाशी चुकलं तर माणसाकडेच जावं लागतं. दरवर्षी मी ते ऐकायची. ऐकणं सोपं असतं, नाही का?

त्यानंतर मांडवाचा सण. मांडवातच खीर होते म्हणून आमच्या घरी त्याला खिरीचा सणच म्हणतात. सणाच्या मधल्या दिवसांत गाडीत बसायला हरकत नसते, तेव्हा आम्ही सगळे शेंदूरजनाघाटला जायचो. बाबांचे एसटीतले जोडीदार गुलाबरावकाका, त्यांचा तिथे संत्र्याचा बाग. अकोल्याची मंडळी यायची, आमची असायची. पुरुष मांडव घालायचे. वर ज्वारीचा कडबा आणि संत्र्याच्या फांद्या, पण विरळ, आभाळ दिसलं पाहिजे. बायका चुलीपाशी. खीर माझ्याकडे. नव्या तांदळाची, नारळाच्या दुधाची. वऱ्हाडात नारळाचं दूध काढायला कोणाचा हात बसलेला नव्हता, माझा बसलेला होता. वर्षातून तो एक दिवस लोक माझ्याकडे बघून काहीतरी विचारायचे.

हे सगळं का सांगते? मुद्द्यावर यायला जड जातं म्हणून.

बेनीभाऊजी मला कधी चौथी पास म्हणाले नाहीत. उलट मोबाइल लावायला त्यांनीच शिकवला. "वहिनी, हे हिरवं दाबा, लाल दाबलं का माणूस गेला." मी घाबरून लालच दाबायची आणि ते हसायचे. संध्याकाळी ते बाबांना वाचून दाखवायचे — बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू — आधी पेपर, मग मराठी प्रार्थनेचं पुस्तक.

मग त्यांनी सुजाताशी लग्न केलं. दर्यापूरची, बौद्ध घरातली, एम. ए., शाळेत शिकवणारी. लग्नाआधी एकदा घरी आली होती. बाबा पेपर डोळ्यांशी धरून बसले होते. "द्या, मी वाचते," म्हणून तिनं तो घेतला आणि एका दमात अख्खं पान वाचून काढलं. कुठे अडखळणं नाही. बाबा मान वर करून तिच्याकडे बघत राहिले. मी चहा घेऊन दारात उभी होते. चहा द्यायचं राहिलं.

लग्न झालं तेव्हा मात्र बाबा बोलले, "आपल्यातले दहा पुरुष जमत नाहीत, अन् तू बाहेर चालला." बेनीभाऊजी म्हणाले, "बाबा, मी कुठं चाललो? मी दहांतच आहे." ते खरंच होतं. पण बाबांनी ऐकलं नाही, आणि दोघं अकोल्याला राहायला गेली.

दहांचं सांगते. आमच्या मोठ्या प्रार्थना दहा पुरुष जमल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. आणि माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत. प्रार्थनेतली एक दहा शब्दांची ओळ आहे. एकेकाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. शब्द उरला म्हणजे माणूस कमी.

बेनीभाऊजी अकोल्याला गेल्यावर बाबांना वाचून दाखवायला कोणी उरलं नाही. यजमान दुकानातून रात्रीच यायचे. एका संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "पोरी, तू वाच." मी वाचलं. एकेक अक्षर जुळवत, चुकत. घाम आला मला. बाबा डोळे मिटून ऐकत होते, म्हणाले, "बरोबर." पुढे रोजचंच झालं. मी चुकायची, ते बरोबर म्हणायचे. माझ्या आयुष्यात तेवढं कोणी मला बरोबर म्हटलेलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं ते क्रमानं सांगते.

दोन वर्षं अशी गेली. बेनीभाऊजींना मुलगी झाली, तारा. बाबांनी ते ऐकलं. मग दारफालणीच्या दोन दिवस आधी, घरात कोणी नसताना, त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बेनीले फोन लाव. म्हणा, बाबानं खिरीच्या सणाले बोलावलं. बायकोले, पोरीले घेऊन ये म्हणा."

मी म्हटलं, तुम्हीच बोला ना.

"मले नाही जमत. शालोमले सांगितलं तर तो वाद घालीन. तूच बोल." मग उशीखालून पाचशेच्या चार नोटा काढून त्यांनी माझ्या हातात ठेवल्या. "हे गाडीभाडं. लहान लेकरू आहे, एसटीनं नको म्हणा."

मी मागच्या खोलीत जाऊन फोन लावला. सुजातानं उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" आवाज तोच, पान वाचणारा. मागे लेकरू रडत होतं. मी लाल दाबलं.

इथपर्यंत भित्रेपणा म्हणता येईल. माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेनीभाऊजींचा फोन आला.

"वहिनी, काल फोन आलता का तुमचा?"

मी म्हटलं, चुकून लागला.

फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता. "बरं. बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"काही म्हणत होते का?"

"नाही," मी म्हटलं.

तो माणूस विचारत होता. स्वतःहून विचारत होता. मला एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते माझंही नव्हतं, बाबांनी तयार करून दिलेलं होतं. मी नाही म्हटलं. भीती वाटत होती का? नाही. त्या वेळी मला काहीच वाटत नव्हतं. मी फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "येत नाही म्हणाले."

बाबा म्हणाले, "असं म्हणाला?" मी मान हलवली. नोटा परत करायला पुढे केल्या तर त्यांनी हात मागे घेतला. "ठेव तुझ्यापाशी. पुढच्या वर्षी देशीन." मग त्याच संध्याकाळी, रिवाजाप्रमाणे, बाबांनी माझी माफी मागितली. "पोरी, माझं काही चुकलं असंन तर माफ कर." मीही त्यांची मागितली. ते म्हणाले, "तुझं काय चुकते." दुसऱ्या दिवशी मी उपास केला. पाण्याचा थेंब घेतला नाही.

आठेक दिवसांनी आम्ही बागेत गेलो. मांडव झाला. बाबा रस्त्याकडे तोंड करून खुर्चीवर बसले. गुलाबरावकाका चेष्टेत म्हणाले, "काहून बाबा, कोनाची वाट पाहून राहिले? सारे तं आले."

"कोनाची नाही. हवा पाहून राहिलो."

"हवा तिकून येते, तुमी इकून पाहून राहिले."

सगळे हसले. बाबाही हसले. बेनी नाही म्हणाला असला तरी येईल, असं त्यांच्या मनात असणार. मी चुलीपाशी होते. रस्त्यावरून जीप गेली की त्यांची मान हलायची, ते मला पाठीमागून दिसत होतं.

प्रार्थनेची वेळ झाली. बाबांनी एकेकाकडे बघत ओळ म्हणायला सुरुवात केली. शेवटचा शब्द तोंडात राहिला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पुन्हा राहिला. मग म्हणाले, "चला, जेवढी होते तेवढी करू."

खीर त्यांनी घेतली नाही. तोंडाला चव नाही म्हणाले. बाकी सगळ्यांनी माझ्या खिरीची तारीफ केली. मी वाढत होते.

त्याच थंडीत बाबा गेले. मुंबईहून, पुण्याहून नातेवाईक आले. त्या दिवशी दहाच्या वर पुरुष होते. बेनीभाऊजी रात्रीच्या गाडीनं आले आणि शालोमच्या शेजारी उभं राहून त्यांनी बापासाठीची प्रार्थना म्हटली. घरी आल्यावर मोरीपाशी मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते. ते म्हणाले, "वहिनी, एकदा तरी बोलवाले पाह्यजे होतं ना त्यानं. मी पायी आलो असतो."

मी म्हटलं, "स्वभाव होता त्यांचा."

हे तिसरं खोटं. पहिलं बेनीभाऊजींना, दुसरं बाबांना, आणि हे मेलेल्या माणसाच्या नावावर. सगळ्यात सहज हेच निघालं.

नंतर यजमानांनीच भावाला बोलावलं. एवढंच लागत होतं. आता ते दरवर्षी येतात. सुजाता माझ्याशी चांगली वागते. माझं चौथी पास असणं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. आमचे काही लोक इस्राएलला गेले, काही वारले, दहा आता होतच नाहीत. दारफालणीच्या आदल्या संध्याकाळी बेनीभाऊजींचा अकोल्याहून फोन येतो. "वहिनी, काही चुकलं असंन तर माफ करा." मी म्हणते, "तुम्हीपण." एका शब्दात उरकतं. दरवर्षी वाटतं, या वेळी सांगावं. मग वाटतं, त्यांनी माफ केलं तर? बाबांना कोण विचारणार?

त्या नोटा मी तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या. पुढे जुन्या नोटा बंद झाल्या तेव्हा बदलून आणायच्या राहिल्या. यजमान विचारतील कुठल्या, म्हणून. अजून आहेत. कागद झालेत.

या वर्षी साड्यांना फॉल लावून पैसे जमवले. बागेत गेलो. संत्री अजून हिरवट होती. सुजाता माझ्याजवळ बसून खीर ढवळत होती. म्हणाली, "वहिनी, माझं नारळाचं दूध फुटूनच जाते, तुमचं कसं नाही फुटत?" मग आवाज खाली करून म्हणाली, "हे अजून म्हणतात, बाबा मनात धरूनच गेले. सणवार आला का रात्री झोपत नाहीत."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. आच जास्त झाली होती.

जेवणं झाल्यावर ताराला जवळ बोलावलं आणि पैसे तिच्या हातात दिले. सुजातानं पाहिलं. "अवो वहिनी, दोन हजार? एवढे कायले?"

मी म्हटलं, "गाडीभाडं आहे. अकोल्याहून यायचं. बाबांनी दिलेलं."

ती हसली. "ऐकलं का," तिनं मांडवातल्या बेनीभाऊजींना हाक मारली, "वहिनी आपल्याले बाबांच्या नावानं गाडीभाडं देऊन राहिल्या." ते तिथूनच हात जोडून म्हणाले, "मंग पुढच्या वर्षीपासून रोजच येतो, वहिनी." सगळे हसले.

मी खुलासा केला नाही. ताराच्या मुठीत नोटा होत्या. पैसे पूर्ण दिले.