यारमोची सुट्टी

कार्ल तुस्कानोचे प्रोफेसर सुट्टीवर गेले याचा राग कार्लपेक्षा त्याच्या वडिलांना जास्त आला.

"महिनाभर?" पॅट्रिकने चष्मा कपाळावर चढवला आणि मुलाच्या लॅपटॉपवर वाकून ते उत्तर पुन्हा वाचलं. उत्तर आपोआप आलेलं होतं. यारमो ऑगस्टपर्यंत रजेवर आहेत, या काळात आलेल्या मेल वाचल्या जाणार नाहीत, तुम्हाला छान उन्हाळा लाभो. "छान उन्हाळा म्हणे. जरा इथे दुबईत, करामाच्या बस स्टॉपवर येऊन उभा राहा म्हणावं. आणि त्याच्या जागी कोण बसलंय?"

"कोणी नाही, डॅडी."

"असं कसं कोणी नाही? डिपार्टमेंटला कुलूप लावलंय?"

"जवळजवळ. फिनलंडमध्ये जुलैत सगळेच जातात. तळ्याकाठी लाकडी घरं असतात त्यांची."

पॅट्रिकला हे पटणं शक्यच नव्हतं. वसईहून दुबईला आला तेव्हापासून तो एकाच हॉटेलच्या स्टोअरमध्ये होता. माल आला नाही की सप्लायरला फोन, सप्लायरने उचलला नाही तर ड्रायव्हरला, ड्रायव्हरनेही उचलला नाही तर ड्रायव्हरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला. एकदा ईदच्या सुट्टीत बंद गोदाम उघडायला लावून त्याने लग्नाच्या जेवणासाठी लोणी काढून आणलं होतं, आणि ती कथा दर नाताळला घरी नव्याने सांगितली जाई. माणूस भेटत नाही, हे त्याच्या मते आळशी लोकांचं वाक्य होतं.

कार्लने लॅपटॉप मिटला. त्याला यारमोचा राग येत होता आणि तो राग कुठे ठेवावा हे कळत नव्हतं, कारण यारमोने त्याला फसवलं नव्हतं. सांगितलं होतं तसंच केलं होतं.

कार्लचा जन्म दुबईचा, वाढला करामात. खाली केरळी हॉटेल, समोर शिंपी, वर हे दोन खोल्यांचं घर. शाळा भारतीय, आणि शाळेपासून ट्यूशनपर्यंत सतत कोणी ना कोणी त्याच्या मागे लागलेलं. टीचर शेरा लिहीत, ट्यूशनची मिस आईला फोन करी, आई जेवणाच्या ताटावर तो विषय काढी आणि पॅट्रिक त्यावर शेवटचा हात फिरवी. मार्क चांगले पडत. आपण मेहनती आहोत असा कार्लचा समज झाला तो त्यामुळे. फिनलंडला टाम्पेरे शहरात मास्टर्सला गेला तेव्हा पहिल्यांदा मागून ढकलणारं कोणी उरलं नाही, आणि गाडी होती तिथेच उभी राहिली.

"थंडी कशी आहे रे बाबू?" कॉन्सेप्टा, त्याची आई, दर फोनवर विचारी. थंडीचं काही नव्हतं. थंडीसाठी दुकानात कपडे मिळतात. यारमोसाठी काही मिळत नव्हतं.

पहिल्याच दिवशी यारमो खोलीत शिरले तसा कार्ल सवयीने उठून उभा राहिला. यारमोने मागे वळून पाहिलं, आपल्यामागून कोण मोठा माणूस येतोय म्हणून. सर म्हणायचं नाही, प्रोफेसर म्हणायचं नाही, नुसतं यारमो. हजेरी नाही, टेस्ट नाही. फरशीवरच्या चकाकीला, म्हणजे ग्लेझला, भट्टीतून काढल्यावर बारीक तडे का जातात, हा कार्लच्या प्रबंधाचा विषय. तो एखादं प्रकरण लिहून न्यायचा. यारमो ते सगळं वाचत, मग कॉफीचा कप हातात धरून खिडकीबाहेर बघत बसत. इतका वेळ, की कार्लला घाम फुटे.

"तुला स्वतःला काय वाटतं यात?" ते शेवटी विचारत.

कार्ल खोलीवर येऊन उशीवर बुक्क्या मारायचा. मला काय वाटायचंय? चूक आहे की बरोबर तेवढं सांगा. ओरडा हवं तर. ओरडलात तर मी लिहीन तरी. पण यारमो कधी ओरडले नाहीत. कार्ल वाट बघत राहिला, आणि ओरडा खाण्याची वाट बघण्यात त्याचा एक अख्खा हिवाळा गेला.

वसंतात त्याने विचारलं, "शेवटची तारीख काय?"

"तुझं तयार होईल ती. मात्र मी उन्हाळ्याआधी वाचावं असं वाटत असेल तर युहानुसच्या आधी पाठव."

युहानुस हा तिकडचा जूनमधला सण. तो झाला की देश तळ्याकाठी जातो. कार्लने तारीख नीट लक्षात ठेवली आणि मग करामात वाढलेला कोणताही मुलगा करील ती चूक केली. करामात तारीख म्हणजे बोलणी सुरू करायची जागा. एसीवाला सोमवारी येतो म्हणतो, इन्शाल्ला, म्हणजे बुधवारी फोन करायचा. शिंपी ईदच्या आधी देतो म्हणतो ते त्याला ईदच्या आदल्या दिवशी दुकानात जाऊन बसल्यावर. खरी तारीख कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांनी चार दिवस खिशात राखून ठेवलेले असतात आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक असतं. यारमोच्याही खिशात चार दिवस असतील असं कार्लने धरलं. आलेख सुबक केले, चित्रं पुन्हा काढली, सण उलटल्यावर प्रबंध पाठवला आणि विमानात बसला.

घाई होती ती नोकरीची. दुबईशेजारच्या रास अल खैमाला फरशांच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत वसंतातच जागा निघाली होती. तडे गेलेल्या ग्लेझचाच विभाग. अशी जागा पुन्हा निघेल न निघेल. आणि कार्लला ती पगारासाठी नको होती. पंचवीस उलटल्यामुळे तो बापाच्या व्हिसावर राहू शकत नव्हता. ज्या घरात रांगला त्या घरी तो आता टुरिस्ट म्हणून आला होता. विमानतळावर काउंटरवरच्या पोराने पासपोर्ट बघून हसून म्हटलं होतं, "वेलकम टू दुबई. फर्स्ट टाइम?" पुढल्या वर्षी पॅट्रिक निवृत्त होणार, घर सोडून दोघं वसईला जाणार. कार्लच्या हिशेबी परदेश म्हणजे वसईच. ही नोकरी मिळाली तर त्याचं स्वतःचं नाव व्हिसावर लागेल आणि दुबई सुटणार नाही, एवढंच त्याला हवं होतं.

कारखान्याच्या ऑफिसमधल्या अरफा या बाईंचा फोन आला. "कार्ल भाई, डिग्री का क्या हुआ? एम्बसी का स्टॅम्प भी चाहिए. उसके बिना व्हिसा नहीं निकलेगा."

"नेक्स्ट वीक, इन्शाल्ला," कार्ल म्हणाला. म्हणताना त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

पॅट्रिकला मात्र त्यात मार्ग दिसला. "बाईशी काय बोलतोस? ज्याला माणूस हवाय त्याच्याशी बोल. यल्ला, जाऊन येऊ."

मित्राची गाडी मागून घेतली. कॉन्सेप्टाने पहाटे उठून फुगे तळले, नाताळात करते तसे, मैद्याचे गोलमटोल, आणि डबा भरून दिला. प्रयोगशाळेचे प्रमुख नीलेश वर्तक हे योगायोगाने विरारचे निघाले. डब्याचं झाकण उघडताच त्यांचा अर्धा कडकपणा गेला.

"बरीच वर्षं झाली हे खाऊन," ते म्हणाले आणि दुसरा फुगा उचलला. मग कार्लला आत नेऊन तडे गेलेल्या फरशांचा ढीग दाखवला. कार्ल बोलायला लागला तसा तो वेगळाच मुलगा झाला. भट्टी थंड करण्याचा वेग, खालची माती आणि वरचा थर किती वेगाने आकसतात, सगळं हात हलवून सांगितलं. वर्तक ऐकत राहिले.

"मला हाच मुलगा हवाय," ते बाहेर येऊन पॅट्रिकला म्हणाले. "पण कागद माझ्या हातात नाही हो. महिनाअखेरपर्यंत थांबवतो. जमेल ना नक्की?"

"एकदम नक्की," पॅट्रिक म्हणाला. कार्ल जमिनीकडे बघत राहिला.

परतीच्या वाटेवर पॅट्रिक शीळ घालत होता. "बघितलंस? सरकली तारीख. माणसाशी बोललं की सरकते."

"डॅडी, त्यांची सरकली. यारमोची नाही सरकणार."

"यारमोला आई-बाप नाहीत?"

पुढच्या रविवारी ऊद मेथाच्या चर्चमधून मिस्सा करून तिघं घरी आली. कार्ल आंघोळीला गेला. यारमोचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता, प्रयोगशाळेत आगबिग लागली तर म्हणून दिलेला. कार्ल टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा पॅट्रिक सोफ्यावर सरळ बसला होता, फोन स्पीकरवर, आणि कॉन्सेप्टा दाराशी हात जोडून उभी, जणू चर्च अजून सुटलंच नव्हतं.

"गुड मॉर्निंग, प्रोफेसर सर. मी कार्लचा फादर. दुबईहून."

पलीकडे पाणी काठावर आपटल्याचा आवाज येत होता. "हो," यारमो म्हणाले.

पॅट्रिकने सांगितलं. नोकरी सांगितली, व्हिसा सांगितला, महिनाअखेर सांगितली. पलीकडून काहीच आलं नाही. ती शांतता कार्लच्या चांगली ओळखीची होती, पण पॅट्रिकला फोनवरची शांतता म्हणजे भाव अजून पटला नाही असं वाटलं. म्हणून त्याने आणखी माल मांडला. आपली निवृत्ती काढली. कॉन्सेप्टाचं ब्लड प्रेशर काढलं, जे तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं, कॉन्सेप्टालाही. पोरगा रात्री झोपत नाही, म्हणाला. दुबईला कधी आलात तर आमच्या हॉटेलात उतरा, मी बघतो, म्हणाला. कार्ल हातवारे करून थांबवत होता आणि पॅट्रिक त्याच्याकडे पाठ फिरवून बोलत होता.

"कार्ल तिथे आहे?" यारमोने विचारलं.

पॅट्रिकने विजयी चेहऱ्याने फोन पुढे केला.

"हॅलो," कार्ल म्हणाला.

"तू वडिलांना फोन करायला सांगितलंस?"

"नाही."

"बरं. तुला काय हवंय?"

पुन्हा तोच प्रश्न. कार्लला वाटलं, फोन खिडकीतून खाली केरळी हॉटेलच्या पत्र्यावर फेकून द्यावा. "मला हवंय की तुम्ही आत्ता वाचावं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "एवढंच. मला नोकरीसाठी गरज आहे."

"आत्ता नाही वाचणार. मी सुट्टीवर आहे," यारमो म्हणाले, अगदी साधेपणाने, घड्याळात किती वाजले सांगावं तसं. "ऑगस्टमध्ये पहिलं तुझं वाचीन. मे महिन्यात नोकरीचं सांगितलं असतंस तर आपण दोघांनी मिळून तारीख ठरवली असती."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नाही," यारमो म्हणाले. "तूही सांगितलं नाहीस."

दोन्हीही खरं होतं. कार्लला त्यांचा सगळ्यात जास्त संताप येई तो याचाच, की त्यांच्याशी भांडायला कुठे जागाच नसे.

फोन ठेवल्यावर पॅट्रिक म्हणाला, "नरम पडलाय तो. परवा परत लावू."

"नाही लावायचा." कार्ल घरात सहसा इंग्रजीत उत्तरं देई, हे तो मराठीत म्हणाला. "डॅडी, तुम्ही मम्मीला आजारी पाडलंत. मी अजून तिथे शिकतोय. मला त्या माणसासमोर परत जाऊन बसायचंय."

"मी तुझ्यासाठीच केलं ना?"

"माहितेय. शाळेत केलंत, ट्यूशनला केलंत, माझ्यासाठी सगळं तुम्हीच केलंत. म्हणून मला साधं सांगता नाही आलं त्यांना, की मला नोकरी हवीय. मी वाट बघत बसलो कोणीतरी विचारेल म्हणून."

"आता माझीच चूक," पॅट्रिक बायकोकडे बघून म्हणाला.

"माझं प्रेशर कधी वाढलं ते आधी सांगा," कॉन्सेप्टा म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी कार्लने वर्तकांना स्वतः फोन केला. वाक्य मनात दहादा घोकलं होतं. डिग्री सप्टेंबरच्या आधी येणार नाही. महिनाअखेरीस नाही, पुढच्या आठवड्यात नाही. सप्टेंबर.

 वर्तक म्हणाले, "हे तू फुगे घेऊन आलास तेव्हा माहीत होतं?"

"हो, सर."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस? मी वर शब्द देऊन बसलोय. तेव्हा बोलला असतास तर दोन महिने कोणाला तरी टेम्पररी घेतलं असतं, तुझी जागा ठेवली असती. आता दुसरा माणूस उभा आहे, त्याचे कागद तयार आहेत. मी नाही थांबू शकत, कार्ल. सॉरी."

कार्लने थँक यू म्हटलं. कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नाही. एकाच महिन्यात, दोन देशांत, दोन माणसांनी त्याला तेच सांगितलं होतं, आणि दोघांचंही बरोबर होतं. त्याने लॅपटॉप उघडला आणि व्हिसा संपायच्या आत टाम्पेरेचं तिकीट काढलं. आई-वडील करामातलं घर सोडतील तेव्हा तो कुठे असेल ते त्याला आता सांगता येत नव्हतं.

बाहेर आला तर दोघं जेवायची थांबली होती. माशाचं कालवण निवत होतं.

"काय म्हणाले विरारकर?" पॅट्रिकने विचारलं.

"नाही म्हणाले. दुसऱ्याला दिली."

"गुरुवारी जाऊन बसू. गुरुवारी माणूस जरा मोकळा असतो."

"डॅडी, ते नाही म्हणाले."

"हो, पण नाही म्हणजे कसं म्हणाले?"

"नाही, असं म्हणाले."

पॅट्रिकचा घास हातातच राहिला. तो मुलाकडे बघत होता, पोराला एवढं शिकवलं पण व्यवहार काही शिकवता आला नाही, अशा नजरेने. कार्लने ताट पुढे ओढलं आणि भात कालवायला घेतला. त्याला भूक नव्हती, पण समजावून सांगण्यापेक्षा जेवणं सोपं होतं.