शेवटच्या गड्याची टोपी

टोपी म्हणजे डोक्यावर पालथी घातलेली वाटी, असं ज्याला वाटतं त्यानं कधीतरी वहिनींच्या खोलीत जाऊन बसावं. गावातल्या खेळाच्या संघांच्या टोप्यांवर चिन्हं भरून द्यायचं काम त्यांचं. खिडकीशी भरतकामाचं मशीन, भिंतीला रंगांच्या रिळांची फळी, आणि दारामागच्या खुंट्यांवर नमुन्याच्या टोप्या. साऱ्या गावाच्या त्या वहिनी. म्हातारेसुद्धा वहिनीच म्हणत.

दगडखाणीतल्या कामगारांचा रस्सीखेचीचा संघ दरवर्षी हंगामाआधी त्यांच्याकडे यायचा. या संघाची एक रीत होती. दोरीच्या टोकाला जो शेवटचा गडी उभा राहतो, त्याची टोपी वेगळी. बाकीच्यांचं चिन्ह कपाळावर, त्याचं मागच्या बाजूला. तो काखेतून दोर घेतो, पाठीवरून खांद्यावर टाकतो आणि मागं इतका कलतो की तोंड आभाळाकडे होतं. त्याच्या कपाळावर काय आहे ते पाखरांनीच बघावं. मागं उभ्या असलेल्या गर्दीला दिसते ती त्याची पाठ आणि डोक्याची मागची बाजू. म्हणून तिथं चिन्ह, दोरीनं वेढलेला घण.

ही रीत वहिनींच्या नवऱ्यानं पाडली होती. शेवटचा गडी तोच होता. मागचा हंगाम संपला आणि थोड्याच दिवसांत तो गेला. खाणीत नाही, दोरीवरही नाही. बसथांब्याच्या बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या. वहिनी रडल्या नाहीत. लोक वाट बघून दमले, मग काहींनी नावंही ठेवली. त्या मशीनवर बसायच्या, उठायच्या, धुतलेला कप पुन्हा धुवायच्या. कुणी जेवलात का विचारलं तर आठवून सांगायच्या.

यंदा संघ आला तेव्हा मुकादम पुढं होता. वहिनींचा धाकटा दीर बूट घालून दाराशीच उभा राहिला. त्याच्या मागं त्याची बायको.

टोप्या निवडायला सुरुवात झाली. संघातल्या लांबूला मागं जाळी असलेली, उंच कपाळाची हवी होती, घाम येतो म्हणून. वहिनींनी ती त्याच्या डोक्यावर ठेवून मान मागं टाकायला लावली. टोपी खाली पडली. ढोल्याला चहूबाजूंनी काठ असलेली हवी होती, टक्कल भाजतं म्हणून. मुकादम म्हणाला, याला टोपी नको, छत्रीच भरून द्या. वहिनींनी एवढंच सांगितलं की दोर खांद्यावर आला की मागचा काठ वर ढकलला जातो आणि टोपी नाकावर येते. मग सहा कळ्यांची, म्हणजे सहा तुकडे जोडलेली मऊ कॅप निघाली. दिसायला देखणी, पण तिची शिवण नेमकी कपाळाच्या मधोमध. घणाचा दांडा तिथं दुभंगतो आणि जाड शिवणीवर सुई मोडते. शेवटी ठरली ती पाच कळ्यांची, कपाळाचा तुकडा सलग असलेली, राखी रंगाची.

मग विषय शेवटच्या टोपीवर आला. शेवटी कोण उभं राहणार ते संघात ठरलं होतं: दीर. पण तो म्हणत होता, वहिनींनी हो म्हटल्याशिवाय मी त्या जागेवर पाय रोवणार नाही. आणि विचारायला मात्र त्याची जीभ रेटत नव्हती. मुकादमानं छताच्या पंख्याकडे बघत विचारलं, शेवटची वेगळी करायची ना, तुमच्या भावजींसाठी?

वहिनी हो म्हणाल्या. जाळीच्या टोपीला नाही म्हणाल्या होत्या, त्याच आवाजात. तो हो कसला, ते कुणालाच उमगलं नाही.

बाकीच्या टोप्या तयार यायच्या. त्यांना मागं पट्टी असते, ती ओढली की कुठल्याही डोक्याला बसतात. शेवटच्या गड्याची मात्र वहिनी स्वतः कापून शिवायच्या. मागं चिन्ह आलं की पट्टीला जागा उरत नाही, म्हणून माप चोख लागतं. त्यांनी कापड कापलं, घण भरला, कळ्या जोडल्या, आत घामाची पट्टी लावली. काम नीट झालं. त्या काम करत होत्या म्हणण्यापेक्षा, काम त्यांच्या हातून जात होतं.

टोप्या न्यायला सगळे जमले. ज्यानं त्यानं आपापली घातली, पट्ट्या ओढल्या. दिरानं आपली उचलली, मागचा घण अंगठ्यानं चाचपला आणि डोक्यावर ठेवली. टोपी भुवयांखाली उतरली.

"अजून एकाला जागा आहे की आत," ढोल्या हसून बोलून गेला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो उगाच खुंट्यांकडे बघू लागला.

दिरानं टोपी काढली. मशीनच्या कडेला अलगद ठेवली.

"कळलं, वहिनी," तो म्हणाला. "मी मधेच उभा राहतो. शेवटी दुसरा कुणी घ्या."

तो वळला. त्याची बायको त्याच्याकडे आणि जावेकडे आळीपाळीनं बघत राहिली.

वहिनींनी टोपी हातात घेतली. दोन्ही मुठी आत घालून बोटं फाकवली. टोपी हाताला बरोबर बसली. नवऱ्याचं माप त्यांनी कधी टेपनं घेतलं नव्हतं, असंच घेतलं होतं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, हात टोपीत घालून.

"भावजी, थांबा. मुद्दाम नाही केलं मी."

तो थांबला, पण वळला नाही.

"कापताना मी तुमचंच डोकं धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही."

वहिनींनी टोपी फळीवर रिळांच्या शेजारी ठेवली आणि स्टूल ओढलं.

"या, बसा. तिथं तुम्हीच उभं राहायचंय. माप घेते."

"बूट काढू?" त्यानं विचारलं.

"डोक्याचं आहे माप."

त्याची बायको फिसकन हसली आणि तिनं पदर तोंडाला लावला. तो येऊन बसला. वहिनींनी खणातून टेप काढली, कापडी, कडा मऊ झालेली. ती त्याच्या कपाळावरून मागं नेली आणि दोन्ही टोकं जुळवली.

"आता मान मागं टाका. दोरीवर टाकता तशी. माप बदलतं."

त्यानं पाय रोवले, खांदे ताठ केले आणि मान मागं टाकली. डोळे छताकडे गेले. तसाच तो बसून राहिला, अंगावर सगळा दोर आल्यासारखा. त्याच्या डोळ्याच्या कडेतून पाणी निघालं आणि कानाकडे उतरू लागलं.

वहिनींनी ते पाहिलं. कापडी टेप भिजली की ताणते, म्हणून त्यांनी ती बोटभर वर सरकवली आणि आकडा वाचला.