हॉस्पिटलच्या यादीत आमचं घर

बायकोचे पथ्याचे डबे गिऱ्हाइकांअभावी बंद पडायला आले होते. तेव्हा इंटरनेटवरच्या यादीसाठी धंद्यांची नोंद करणारी एक मुलगी कुळगावात आमच्याकडे आली. ओढणीने घाम पुसत म्हणाली, “काका, या फॉर्मवर धंद्याच्या प्रकारांत हॉटेल आहे, केटरर आहे. पथ्य नाही.”

“मग नवा प्रकार घाला.”

“ते माझ्या हातात नाही. काकू, डबा कोणाला लागतो?”

“ज्यांचं माणूस ॲडमिट आहे, त्यांना.”

“मग ते हॉस्पिटलच शोधणार.” तिने फॉर्मवर सरळ ‘हॉस्पिटल’समोर खूण केली. मी चिडलो. आमच्या दोन खोल्या आणि म्हणे हॉस्पिटल! तिने शांतपणे पेनाला टोपण लावलं आणि गेली.

पहिलाच फोन आला, “खाट रिकामी आहे का?” मी कपाळाला हात लावला.

बायकोने रिसीव्हर घेतला. “खाट नाही हो. पण पेशंटच्या जेवणाचं काय केलंत?”