'तपासले'च्या रकान्यातली सही

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वजनकाट्यावर काम करतो. तिथे प्रत्येक बॅचच्या कागदावर दोन रकाने असतात, 'केले' आणि 'तपासले'. दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या माणसाने पुन्हा बघून सही करायची. पण पाळी सुटली की बिरवाडीची बस थांबत नाही, म्हणून आम्ही तो रकाना वरून खालपर्यंत एका दमात भरून टाकतो. पुढच्या खात्यात पुन्हा तपासणी होते, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही.

पोलादपूरकडे शेती करणारा माझ्या बायकोचा थोरला भाऊ आणि मी एकाच क्लबमध्ये पिस्तुलाची नेमबाजी करायचो. दादाचं मनगट एकदा मोडलेलं. नेहमीच्या काडतुसाचा धक्का त्याला सोसत नसे आणि ज्येष्ठांच्या स्पर्धेत तर उतरायचंच होतं. क्लबच्या रीतसर परवानगीने मी त्याच्यासाठी हलकी काडतुसं भरायला घेतली. आतली स्फोटाची दारू जरा कमी, म्हणजे धक्का कमी.

"भावजी, ही गोळी हाय का शिंक?" पहिल्यांदा उडवून बघितल्यावर तो म्हणाला.

"आवाज बारीकच येणार, दादा. काळजी करू नका. पिस्तूल आपोआप पुढचं काडतूस घेणार नाही, हाताने ओढून घ्या."

हे मी त्याला शिकवलं. एरवी बारीक आवाज आला आणि पिस्तूल अडलं की नेमबाजाने थांबून नळी बघायची असते. मी त्याला न थांबायची सवय लावली.

घरी मी कारखान्यासारखीच वही ठेवली होती, दोन रकान्यांची. दोन्हीकडे सही माझीच. एका रविवारी काडतुसांच्या पन्नास रिकाम्या पुंगळ्या मांडल्या, दारू ओतत गेलो. वर गोळ्या बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरीने बघायचं ठरलेलं होतं. त्या दिवशी बघितलं नाही. 'तपासले'चा रकाना मात्र वरून खालपर्यंत भरला.

एका पुंगळीत दारू पडलीच नव्हती. रेंजवर दादाने ती उडवली तेव्हा पुंगळीच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीचं नुसतं फुस्स झालं आणि तेवढ्याच जोराने सरकलेली गोळी नळीतच अडकली. मी शेजारी होतो, मलाही तो आवाज आला. त्याने हाताने ओढून पुढचं काडतूस घेतलं आणि घोडा दाबला. नळी फुटली. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत.

क्लबने अहवालात नेमबाजाचा निष्काळजीपणा लिहिला आणि त्याला रेंजवर बंदी घातली. त्याने ते मानलं. "माजीच चुकी. थांबाया पायजे व्हतं," असं तो भेटेल त्याला सांगायचा, पाहुण्यांना, सोसायटीत, माझ्यासमोरही. मी मान हलवायचो.

भात कापणीला गेलो तेव्हा तो डाव्या हाताने विळा चालवत होता. बांधावर बसून मी त्याला सगळं सांगितलं, रिकामी पुंगळी, न बघता केलेली सही, सगळं.

त्याने पायाला लागलेला चिखल काढला. मग म्हणाला, "लोकांम्होरं मी माजी चुकी सांगत व्हतो, तवा तुमी बाजूला बसून चाय पीत व्हताव."

"हो."

"दारूचं ऱ्हाऊ द्या. माणसाच्या हातून व्हतं. पन चाय कशी गेली भावजी तुमच्या घशाखाली?"

दुसऱ्या दिवशी मी क्लबला सगळं लिहून दिलं. त्याच्यावरची बंदी उठली आणि माझी परवानगी गेली, ते योग्यच झालं. दादा अजून रेंजवर आलेला नाही. माझ्या बायकोला त्याचा फोन येतो. मी घरात आहे का, हे तो आधी विचारतो आणि असलो तर नंतर करतो म्हणतो.