बंद कंपनीचा डोळा

विट्याच्या नाथाजींनी तीस वर्षं कोइमतूरला सोनं वितळवायचं, गलाईचं दुकान चालवलं. गिऱ्हाइकाचं सोनं मुशीत असताना ते जेवायलासुद्धा उठत नसत. पुढं आजारानं दृष्टी गेली. डॉक्टरांनी डोळ्यात चिप बसवली, कॅमेऱ्याचा चष्मा दिला, आणि दाराचा उजेड, बायकोची हलती सावली दिसायला लागली.

परवा चष्मा बंद पडला. फोनवर चिप आणि चष्मा बनवणाऱ्या कंपनीची बाई म्हणाली, "काका, आम्ही ते काम बंद केलंय. नवा चष्मा मिळणार नाही."

नाथाजी कडाडले, "बंद केलं म्हंजे? तुमचं यंत्र माझ्या डोळ्यात हाय! लोकांचं सोनं मुशीत टाकून आमी कवा दुकान बंद केलं न्हाई. तुमी माझा डोळा मुशीत टाकून कुलूप लावून गेलासा व्हय?"