दर्शनाच्या दोन सह्या

दर्शना तांबेचा उजवा खांदा चार वर्षांत तीनदा निखळला. पहिल्यांदा शिवडीच्या गोदामात, औषधांचं खोकं वरच्या फळीवरून अंगावर आलं तेव्हा. दुसऱ्यांदाही तिथेच. दोन्ही वेळा कंपनीने अपघाताचा कागद भरला, विम्यातून उपचार झाले. तिसऱ्यांदा मात्र विम्याचं पत्र आलं. इजा घरी झालेली, कामाशी संबंध नाही, दावा नामंजूर.

डिलाईल रोडच्या खोलीत मुलीने, अक्षताने, ते वाचून दाखवलं, तेव्हा दर्शनाला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र आपल्याकडे आलंय.

“घरी? अगं, मला गोदामातून टॅक्सीत घालून नेलं ना!”

हॉस्पिटलच्या केसपेपरवर मात्र स्पष्ट लिहिलं होतं: घरी पाणी भरताना हात निखळला. खाली तिचीच सही, डाव्या हाताने केलेली, वेडीवाकडी. त्या दुपारी ती कळांनी अर्धमेली झाली होती. डॉक्टरांशी सगळं बोलला होता तो सुपरवायझर अजित. त्याने बोट दाखवलं तिथे तिने सही केली होती.

नवरा गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या नोकरीवर होतं. अपील केलं तर तीही जाईल, असं चाळीत ज्याने त्याने सांगितलं. दर्शनाने दोन दिवस ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी युनियनच्या वकील नम्रता मॅडमसमोर जाऊन बसली.

“साक्षीदार?” मॅडमनी विचारलं.

“कोण येणार, मॅडम? सगळ्यांची पोटं तिथंच आहेत.” मग तिला आठवलं. “पण त्या दिवशी हात निखळेपर्यंत मी चलनांवर सह्या केल्यात. माल पॅक झाला की वेळ टाकून सही करावी लागते. उजव्या हाताने केल्यात.”

मॅडमनी कोर्टात अपील केलं आणि ती चलनं मागवायचा अर्ज दिला. कंपनी म्हणाली, चलनं सापडत नाहीत. पुढची तारीख पडली. पुन्हा सापडली नाहीत. तोवर खांदा दोनदा निखळता निखळता राहिला. केस विंचरतानासुद्धा दर्शना श्वास धरून असायची. शेवटी कोर्टाने खडसावलं, तेव्हा फाइल आली.

सुनावणीला अजित साक्षीला उभा राहिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, “साहेब, बाई साडेआठला आल्या त्याच हात धरून. घरी पाणी भरताना झालं म्हणाल्या. काम काय करणार? बसवून ठेवलं. बारा वाजता मीच माणुसकीने हॉस्पिटलला नेलं.”

 तो इतकं शांतपणे बोलत होता, की क्षणभर दर्शनालाच वाटलं, तसंच झालं असेल का?

नम्रता मॅडम फाइल चाळत होत्या. एक पान, दुसरं, तिसरं. ते चलनच काढून टाकलं असलं तर? दर्शनाने बाकाची कड घट्ट धरली.

“हे बघा,” मॅडम म्हणाल्या. “अकरा वीसचं चलन. सही कुणाची?”

अजितने पाहिलं. “दर्शनाताईंची.”

“आणि ही केसपेपरवरची, सव्वाबाराची. दोन्ही एकाच हाताच्या वाटतात?”

एक सही सरळ, वळणदार. दुसरी लहान पोराने गिरवल्यासारखी. न्यायाधीशांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“साडेआठला हात निखळला होता, तर अकरा वीसला ही सही कशी केली?” त्यांनी विचारलं.

अजितने पुन्हा त्या सह्यांकडे पाहिलं. “साहेब... तिसरा अपघात दाखवू नको, असं वरून सांगितलं होतं.”

महिन्याभराने निकाल लागला. इजा कामावरचीच ठरली. भरपाई ठरवायला खांद्याची तपासणी मेडिकल बोर्डाने नव्याने करायची होती. कोर्टाच्या जिन्यात अजित आडवा आला. “ताई, माझं पण घर आहे हो.”

शिवी तिच्या ओठापर्यंत आली होती. “ठाऊक आहे,” एवढंच म्हणून ती बाजूने निघून गेली. खाली आल्यावर तिने अक्षताला फोन लावला, पण पलीकडून आवाज आला तसा तिला हुंदकाच फुटला, आणि पोरगी घाबरून “काय झालं, मम्मी, काय झालं?” विचारत राहिली.