रादाशिनने मावशीला तीनदा विचारलं

रादाशिन खोटं बोलत नाही, एवढीच त्याची खोड. बाकी माणूस लाखात एक. वय अडतीस, शहराबाहेरच्या रोपवाटिकेत आलुबुखारांची कलमं बांधतो, आणि त्याची शंभरातली सत्त्याण्णव कलमं जीव धरतात. स्वतःचं जेवण स्वतः रांधतो, कपडे धुतो. जिना पुसायची पाळी आली की त्याच दिवशी पुसतो, आणि असा माणूस पाच मजल्यांत तो एकटाच. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने "माझे केस कसे दिसतात?" असं विचारलं, तर तो नीट बघतो, विचार करतो आणि सांगतो.

एकतिसाव्या वर्षी बेलग्रेडच्या डॉक्टरांनी याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं. त्याची आई म्हणाली, "सुटले बाई! मला वाटत होतं माझंच वळण चुकलं." इमारतीचं मत पडलं की शिकलेल्या लोकांना प्रत्येक गोष्टीला नाव द्यायची हौसच असते.

गेल्या हिवाळ्यात ती आई गेली. चाळिसाव्या दिवसाचं जेवण उरकलं आणि तिची धाकटी बहीण, झागोर्कामावशी, समाजकल्याण केंद्रात जाऊन अर्ज देऊन आली. भाच्याला एकट्याने राहणं जमायचं नाही, त्याचं पालकत्व मला द्या. अर्ज मंजूर झाला असता, तर रादाशिनची रवानगी डोंगरापलीकडच्या आश्रमात झाली असती आणि दोन खोल्यांचं घर 'सांभाळायला' मावशी आली असती. मावशी हे प्रत्येक मजल्यावर थांबून रडत रडत सांगत होती, त्यामुळे अर्ध्या इमारतीला ते पटलं.

समोरच्या दारातल्या स्तामेनाकाकूला पटलं नाही. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढून निवृत्त झालेली ही बाई कुणाच्या रडण्याला सहजासहजी भुलत नसे. केंद्राची माणसं गुरुवारी दहाला घर बघायला येणार असं कळल्यावर तिने रादाशिनची शिकवणीच घेतली.

"पाहुणे आले की काय करायचं?"

"घरात घालायच्या चपला द्यायच्या. मग चमचाभर मुरंबा आणि पाणी. मग कॉफी."

"ते म्हणतील, नको, उगाच त्रास कशाला."

"मग नाही द्यायची."

काकूने कपाळाला हात लावला. "अरे राजा, पाहुणा नको म्हणाला म्हणून त्याला तसाच बसवायचा? बाहेर जाऊन तुझ्या नावाने शंख करेल तो!"

"मग ज्याला खरंच नको असते तो काय म्हणतो?"

"तोही नकोच म्हणतो."

"काकू, तुम्ही सगळे हे कसं निभावता?"

"तीनदा विचारायचं," काकू म्हणाली. तिलाही हा नियम त्याच क्षणी सुचला होता. "पहिल्यांदा माणूस लाजतो, दुसऱ्यांदा रीत म्हणून नको म्हणतो. तिसऱ्यांदा काय ते खरं सांगतो." रादाशिनने ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं.

गुरुवारी दहाला तिघं आली. केंद्राच्या व्हिदोसावाबाई, कानात कापूस घातलेले एक डॉक्टर आणि काळ्या कपड्यांतली मावशी, हातात रुमाल तयार. स्तामेनाकाकू शेजारधर्म म्हणून आधीच येऊन बसली होती. दहाला रादाशिन घरात हवा खेळवतो, म्हणून समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या होत्या.

"वाऱ्याचा झोत!" डॉक्टर ओरडले. असा झोत अंगावर घेतला की माणूस आजारी पडतो, हे इथे डॉक्टरांनाही पटलेलं असतं. व्हिदोसावाबाई एका खिडकीकडे धावल्या, मावशी दुसरीकडे. ऐन जूनमध्ये डॉक्टरांनी गळ्याला मफलर गुंडाळला, मूत्रपिंड गेल्या वर्षी थोडक्यात वाचल्याचं सांगितलं, दृष्ट लागू नये म्हणून टेबलाच्या लाकडावर टकटक केलं आणि मग वही उघडून लिहिलं, 'ठरावीक सवयींना चिकटून राहतो.'

कॉफीचं मात्र झकास पार पडलं. तिघांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्या वेळी घेतली. व्हिदोसावाबाईंनी तर मुरंब्याचा दुसरा चमचाही घेतला. काकूला वाटलं, निम्मी लढाई जिंकली.

तेवढ्यात मावशीने रुमाल डोळ्यांना लावला. "चमचे वाढता आले म्हणजे संसार आला का, बाई? कुणीही उपटसुंभ येऊन याला लुबाडेल. मला का यातून काही मिळायचंय? घर? देवाशपथ, मला घर नको! रक्ताचं नातं म्हणून जीव तुटतो, एवढंच."

रादाशिनने ट्रे खाली ठेवला. "मावशी, तुला हे घर हवंय का?"

"नको रे बाळा, काहीतरीच काय!"

"लाजू नकोस. हवं असलं तर सांग."

मावशीने आधी व्हिदोसावाबाईंकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "अरे, नको म्हटलं ना."

"शेवटचं विचारतो. हवंय का?"

मावशी उठून उभी राहिली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "माझ्या बहिणीच्या आत्म्याची शपथ, या घरातली खुर्चीसुद्धा मला नको!"

व्हिदोसावाबाईंनी चष्मा चढवला. "तुमच्या अर्जात तर लिहिलंय, पालकत्व मिळाल्यावर तुम्ही याच पत्त्यावर राहायला येणार. मग ते खोडूया ना?"

एवढ्या जणांसमोर बहिणीच्या आत्म्याची शपथ घेऊन झालेली. मावशीचा चेहरा पडला. तिने खोडलेल्या ओळीशेजारी सही केली. त्यानंतर भाच्याबद्दलची तिची काळजी भराभर ओसरत गेली आणि सोमवारी तिने अख्खा अर्जच मागे घेतला. इमारतीतले लोक म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, हे पोरगं एकटं छान राहील.

त्या सोमवारी संध्याकाळी स्तामेनाकाकू घरी गाळलेल्या राकिया दारूची बाटली घेऊन आली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय खिंडीत गाठलंस रे तिला! मला वाटायचं तू साधाभोळा. चांगलाच बेरकी निघालास की!"

"मी गाठलं नाही. विचारलं."

"म्हणजे?"

"तिच्या घराच्या भिंतींना ओल आहे. तिचे गुडघे दुखतात. म्हणून मी आईची खोली रिकामी केली होती." आईचं शिलाईमशीन स्वयंपाकघरात का आलं, हे काकूला आत्ता कळलं. "ती हो म्हणाली असती, तर ती खोली तिची आणि ही माझी. मग मला आश्रमात जावं लागलं नसतं आणि तिला ओलीत राहावं लागलं नसतं."

काकूने पेला खाली ठेवला.

"मला एकट्याने जेवायला आवडतं," रादाशिन म्हणाला. "पण पलीकडच्या खोलीत आई खोकायची, तेही आवडायचं. मावशी नको म्हणाली तेव्हा मला वाईट वाटलं. पण तूच सांगितलंस ना, तिसऱ्यांदा माणूस खरं सांगतो."

तो फ्रिजवरचा कागद वाचत राहिला, मग वळून म्हणाला, "काकू, चौथ्यांदा विचारलं तर चालतं का?"

कुठलाही शहाणा माणूस त्या बाईला पुन्हा विचारणार नाही, असं काकूच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"चालतं," ती म्हणाली.